कितलीं वरां

म्हापशात, काजूच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर
मी तिकिटं विकते. सतरा वर्षं झाली.
खाली शुक्रवारचा बाजार भरला की
जिन्यातून सुक्या बांगड्यांचा वास वर येतो
आणि त्याच्यामागून माणसं.
कुणाला मस्कत, कुणाला स्विंडन,
कुणाला नुसता पंखा हवा असतो, पाच मिनिटं.

पिएदाद बाय उसकईहून यायची.
पिशवीत पाव, लिंबं, कधी मयड्याची केळी;
त्यातली दोन माझ्या कीबोर्डशेजारी ठेवायची
आणि दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं विचारायची,
“टोरांटोक कितलीं वरां गो?”

मी सांगायचे:
मोपाहून मुंबई सव्वा तास. तिथं थांबायचं तीन.
मुंबई ते लंडन साडेनऊ. थांबायचं दोन.
मग नुसतं पाणीच पाणी, आठ तास.
झाले पावणेचोवीस.

अंतर साडेबारा हजार किलोमीटर, थोडं मागंपुढं.
पण किलोमीटरचं तिला काही नव्हतं,
ते रिक्षावाल्यांचं काम.
ती बोटांची पेरं मोजायची,
दोनदा मोजायची,
“म्हळ्यार एक दीस लेगीत ना,” म्हणायची.
पंधरा मिनिटांनी का होईना,
दिवसाहून कमी.

एकदा तिला पडद्यावर नकाशा दाखवला.
रेघ वर वर चढत गेली, पार बर्फापर्यंत,
आणि पलीकडं उतरली.
“ही वांकडी कित्याक?”
पृथ्वी गोल आहे ना, मी म्हटलं, हीच सरळ.
ती हसली.
हणजुण्याचा बसवालाही हेच सांगतो, म्हणाली,
सगळा आसगाव हिंडवून.

तिकीट तिनं कधी काढलं नाही.
मीही कधी विषय काढला नाही; पासपोर्टचा तर नाहीच.
मी स्वतः विमानात एकदाही बसलेले नाही
हे तिला ठाऊक होतं का, कोण जाणे.

मे महिन्यात लागोपाठ दोन शुक्रवार ती आली नाही.
नंतरच्या मंगळवारी, बाजार नाही, जिना रिकामा,
एक माणूस आला. चाळिशीचा.
त्या उन्हात पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट.
परतीची तारीख बदलायची होती.
आन्सेल्म कुतिन्हो.
गाव?
उसकई.

फरक चौदा हजारांचा येत होता. दंड वेगळा.
तो ऐकत नव्हता.
“दर रविवारी फोनवर तेच,” तो म्हणाला,
“एक दिवससुद्धा लागत नाही रे,
दुकानातल्या पोरीनं सांगितलंय.
जसं काही मला पेडण्याहूनच यायचंय.”
मग कार्डाचा नंबर सांगता सांगता मध्येच,
“लंडनला पुढचं विमान चुकलं माझं. एकतीस तास झाले.
घाई करू नको, घरचे म्हणाले,
बर्फात ठेवलीय.”

प्रिंटर अडकला. मी कागद ओढून काढला,
पुन्हा घातला.
सतरा वर्षांत मी कुणाला चुकीचे तास सांगितलेले नाहीत.

जाताना तो दारात थांबला, खोलीकडं बघितलं:
दोन खुर्च्या, गणपतीचं कॅलेंडर,
एका बंद पडलेल्या विमान कंपनीचं
प्लास्टिकचं छोटं विमान.
“इथं येऊन करायची काय ती?”

पंख्याखाली बसायची, मी म्हणाले.

शुक्रवारी नवं वेळापत्रक आलं.
लंडनचा थांबा पाऊण तासानं कमी केलाय.
एकूण तेवीस.
मी पेरांवर मोजून बघितलं, बरोबर होतं.
खाली केळीवाली ओरडत होती,
शंभराला डझन,
शंभराला डझन,
मग ऐंशीला.